२०२५ चा गोल्फ सीझन नक्की कोणाचा? शेफलरचा की रोरीचा?

फेअरवेवाला

मंडळी, अमेरिकेतल्या पीजीए टूरने (पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांची मालिका) डिसेंबरात २०२५ या वर्षातला सर्वोत्तम खेळाडू जाहीर केला. स्कॉटी शेफलर. सलग चौथं वर्ष. असा रतीब याआधी फक्त टायगर वुड्सने घातला होता. निकाल अपेक्षितच होता, तरी मला पटलेला नाही. म्हणून हा धागा.

दहा वर्षांनी कुणी विचारलं की २०२५ मध्ये गोल्फमध्ये काय झालं, तर तुम्ही काय सांगाल? शेफलरने सहा स्पर्धा जिंकल्या, हे? मी तर १३ एप्रिलचा ऑगस्टाचा, म्हणजे मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा रविवार सांगेन. ज्यांनी आपल्याकडे पहाटे पावणेपाचपर्यंत जागून तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात: रोरी मॅकिलरॉय दोन फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि पहिल्याच होलवर डबल बोगी, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) दोन जास्त. आघाडी साफ. मग सावरला, दहाव्या होलनंतर आता घरी नेतो असं वाटायला लागलं. तेराव्यावर त्याने सावधपणे दोन फटक्यांत चेंडू पुढे आणून ठेवला. हातात वेज (जवळच्या फटक्याची काठी), जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी यार्ड अंतर, डावीकडे अख्खं ग्रीन (भोकाभोवतीची आखूड गवताची जागा) मोकळं. आणि चेंडू उजवीकडच्या ओढ्यात! चौदाव्यावर आणखी एक फटका गेला. तिकडे जस्टिन रोझ बर्डीवर बर्डी (पारपेक्षा एक कमी) मारत सुटलेला. मग पंधराव्यावर झाडांच्या बाजूने वळवून मारलेला सात नंबरचा आयर्न, पिनपासून (भोकातल्या झेंड्यापासून) सहा फुटांवर. तो ईगलचा (पारपेक्षा दोन कमी) पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटकाही चुकवला, बर्डीवर भागवलं. सतराव्यावर बर्डी. अठराव्यावर पाच फुटांचा पट पडला असता तर जिंकला असता, तोही चुकला. रोझशी बरोबरी, म्हणून प्लेऑफ. पुन्हा अठरावा होल, वेजने चेंडू जवळ टाकला, बर्डी, आणि माणूस गुडघ्यांवर कोसळला.

चारही मेजर (मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ओपन या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकणारा इतिहासातला सहावा खेळाडू. सॅराझन, होगन, प्लेअर, निकलाउस, वुड्स आणि आता हा. वुड्सने ते २००० मध्ये केलं, म्हणजे पाव शतक मधे कोणी नव्हतं. शिवाय यंदा मास्टर्सच्या आधी फेब्रुवारीत पेबल बीच, मार्चमध्ये प्लेअर्स. सप्टेंबरात आयरिश ओपन. बेथपेजला अमेरिकेत जाऊन युरोपकडून रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक सामना). वर्षअखेर रेस टू दुबई (युरोपातल्या टूरची वर्षभराची क्रमवारी) सातव्यांदा, सेव्ह बायेस्तेरोसपेक्षा एक जास्त.

शेफलरबद्दल आदर आहेच. पण त्याचा पोर्टरशचा, म्हणजे त्याने जिंकलेल्या ओपनचा रविवार चालू असताना मी दोनदा उठून चहा करून आलो, आणि माझं काही म्हणजे काही चुकलं नाही.

या आता, भांडा.

आकडेबहाद्दर

फेअरवेवालेबुवा, तुमचा चहा व्हायला वेळ मिळाला हा शेफलरचा दोष कसा काय? चहाला उठता आलं कारण त्याने सामना आधीच संपवला होता. तुम्हाला थरार हवा आहे, तो रोरी चुका करतो म्हणून मिळतो. तुम्हीच लिहिलेला परिच्छेद पुन्हा वाचा. पहिल्यावर डबल, तेराव्यावर डबल, अठराव्यावर पाच फुटांचा पट. शिवाय गुरुवारी आणखी दोन डबल बोगी होत्या त्या तुम्ही लिहिल्याच नाहीत. ग्रीन जॅकेट (मास्टर्सच्या विजेत्याचा कोट) जिंकताना चार डबल बोगी करणारा तो पहिलाच.

आता सीझन. सीझन म्हणजे जानेवारीपासून शेवटपर्यंत. शेफलरने ख्रिसमसच्या स्वयंपाकात काचेचा ग्लास फुटून उजवा तळहात कापून घेतला, शस्त्रक्रिया झाली, वर्षाच्या सुरुवातीच्या स्पर्धा हुकल्या. मेपर्यंत एकही विजय नाही. तेव्हा "गेलं याचं वर्ष" म्हणणारे इथेच होते, नावं घेत नाही. मग मेमध्ये बायरन नेल्सन, ७२ होलमध्ये २५३ फटके, म्हणजे टूरच्या विक्रमाशी बरोबरी, आणि दुसऱ्यापेक्षा आठने पुढे. त्याच महिन्यात पीजीए चॅम्पियनशिप पाचने. मेमोरियल चारने. ओपन चारने. ऑगस्टमध्ये बीएमडब्ल्यू, सप्टेंबरात प्रोकोर. एकदाही कट (अर्ध्या स्पर्धेनंतरची छाटणी) चुकला नाही. आणि मार्चअखेरच्या ह्यूस्टनपासून पुढे टूरच्या एकाही स्पर्धेत तो आठव्याच्या खाली गेला नाही. एकाही! ओकमाँटच्या यूएस ओपनला सगळ्यांची दाणादाण उडाली, जे. जे. स्पॉन एक अंडर (पारपेक्षा एकूण एक कमी) करून जिंकला, तिथेही हा सातवा.

रोरीचं त्याच काळात काय? पीजीएला सत्तेचाळिसावा, कॅनेडियन ओपनमध्ये कट चुकला, यूएस ओपनला एकोणिसावा, ईस्ट लेकच्या टूर चॅम्पियनशिपला तीस जणांत तेविसावा. एप्रिलनंतर अमेरिकेत एकही विजय नाही.

मृण्मयी_के

आकडेबहाद्दर, आकडे बरोबर, पण सगळे विजय एकाच तागडीत कसे टाकता? बायरन नेल्सनला पहिल्या वीसातले किती जण होते? ती डॅलसची स्पर्धा, शेफलरच्या घरची, आणि बरेच मोठे खेळाडू त्या आठवड्यात सुट्टी घेतात. रोरीचे तीन बघा: पेबल बीच, प्लेअर्स, मास्टर्स. तिन्ही ठिकाणी टूरचे जवळपास सगळे मोठे हजर. प्लेअर्सला तर सोमवारी प्लेऑफ खेळावा लागला. सतराव्याच्या बेटावरच्या ग्रीनवर वारा असा होता की स्पॉनचा चेंडू ग्रीनच्या पलीकडे पाण्यात गेला.

तरीसुद्धा माझं मत शेफलरला. दोन मेजर आहेत म्हणून. एक विरुद्ध दोन, विषय संपला. पण "सहा विरुद्ध तीन" हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि तो करायची गरजही नाही.

आकडेबहाद्दर

मृण्मयीताई, प्रोकोरचं मात्र उलट झालं हं. एरवी ती सप्टेंबरातली किरकोळ स्पर्धा. यंदा रायडर कपची अमेरिकन टीम सरावासाठी जवळपास अख्खी तिथे उतरली होती. बेन ग्रिफिनने शेवटच्या ग्रीनवर घोळ घातला नसता तर प्लेऑफ झाला असता. म्हणजे तिथेही चांगली माणसं होती.

टवाळ_टोळभैरव

दोन कोट्यधीश गवतात चेंडू शोधत फिरतात आणि इथे त्यावर डोकी फुटतायत. 😀

एक भाबडी शंका. शेफलर मार्चअखेरपासून कायम पहिल्या आठात, रोरी कधी पहिला कधी सत्तेचाळिसावा. म्हणजे हा द्रविड-सेहवाग वादच झाला ना? मग त्याचा निकाल या जन्मात लागणार नाही, झोपा.

कर्नल_निवृत्त

टोळभैरव, नाही लागत ती उपमा. द्रविडला कोणी "बॉलरला चोपून काढतो" म्हटलं नव्हतं. शेफलर सावध खेळत नाही, सगळ्यांना चोपतो. फक्त चोपताना त्याचा चेहरा हलत नाही, म्हणून तुम्हा लोकांना तो कंटाळवाणा वाटतो. त्याचे पाय बघा कधी. फटका मारताना उजवा पाय असा घसरत मागे जातो की आमच्या फौजेतल्या कुठल्याही कोर्सवरच्या प्रोने कान धरला असता. आणि चेंडू जातो सरळ पिनवर. पाठ्यपुस्तकात न बसणारा स्विंग घेऊन माणूस जगात पहिला आहे, यात बघण्यासारखं काही नाही असं कसं म्हणता?

बीएमडब्ल्यूचा सतरावा होल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शोधून बघा. पार तीन, बाजूला पाणी. चेंडू ग्रीनच्या बाहेर, पुढे सगळा उतार. मॅकइन्टायर शनिवारी रात्री चार फटक्यांनी पुढे होता, रविवारी पार मागे पडला होता, पण अजून अंगावर होता. शेफलरने चिप केली, चेंडू उताराला लागून वळत वळत, वेग कमी होत होत गेला आणि भोकात. त्या वेळी मात्र चेहरा हलला!

बेलफास्टकर

मी उत्तर आयर्लंडात राहतो, त्यामुळे इथे रोरीच्या विरुद्ध लिहिणं म्हणजे घराबाहेर पडायची पंचाईत. तरी लिहितो.

पोर्टरशला शनिवारी मी कोर्सवर होतो. अकराव्यावर रोरी रफमध्ये (उंच गवतात). फटका मारला तर त्याचा चेंडू पुढे गेला आणि जमिनीत कधीचा गाडला गेलेला कोणाचा तरी दुसराच चेंडू उसळून वर आला. त्याच्या चेहऱ्यावर "हे काय आता" असा भाव. तिथे बोगी झाली. आणि लगेच बाराव्यावर लांबलचक पट टाकून ईगल. त्या वेळी जो आवाज उठला तो आयुष्यात विसरणार नाही. २०१९ मध्ये याच कोर्सवर पहिल्या होलला त्याने आठ फटके घेतले होते आणि कट एका फटक्याने चुकला होता. गावकऱ्यांच्या मनात ते सहा वर्षं होतं.

आणि एवढं सगळं होऊनही फलकावर बघावं तर शेफलर तसाच वर, ढिम्म. इथला सोळावा होल पार तीनचा, दोनशेतीसच्या वर यार्ड, उजवीकडे खोल दरी. नावच कॅलॅमिटी कॉर्नर. लोक तिथे पार मिळाला तरी देवाचे आभार मानतात. या गृहस्थाने गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिन्ही दिवस तिथे बर्डी केली. शनिवारी संध्याकाळी बसच्या रांगेत माझ्या पुढचे म्हातारबुवा म्हणाले, आता उद्या काय, दुसरा कोण येतो ते बघायचं. रोरीचा सदरा घातलेला माणूस होता तो.

फेअरवेवाले, रविवारी चहाला गेलात तेव्हा एक चुकलं तुमचं. सहाव्या आणि सातव्यावर शेफलरचे पार अडकले होते. दोन्हीकडे पंधरा-पंधरा फुटांचे पट टाकून वाचवले, आणि सातव्यावर चक्क मूठ आवळली. ते दोन चुकले असते आणि मग आठव्यावर बंकरमध्ये जी डबल बोगी झाली ती धरली, तर शेवटचे नऊ होल वेगळेच झाले असते. सोपं दिसलं याचा अर्थ सोपं होतं असा नाही.

फेअरवेवाला

बेलफास्टकर, प्रत्यक्ष बघणाऱ्याशी वाद नाही. पण मला एक सांगा, त्या कोर्सवरचे हजारो लोक कोणासाठी आले होते? तुम्ही स्वतः अकराव्यावर कोणाच्या मागे फिरत होता?

खेळ लोकांनी बघायचा असतो. शेफलर स्वतः पोर्टरशला स्पर्धेच्या आधी पत्रकारांसमोर म्हणाला की जिंकल्याचा आनंद काही मिनिटं टिकतो, मग रात्री जेवायला काय हा प्रश्न येतो, आणि हे सगळं कशासाठी करतो असं त्याला कधीकधी वाटतं. प्रामाणिक आहे, मान्य. पण ज्याला स्वतःलाच आपल्या विजयांचं इतपतच वाटतं, त्या विजयांनी मी का भारावून जायचं?

मृण्मयी_के

हे मात्र काहीच्या काही. तो असं म्हणाला आणि पाच दिवसांनी चारने जिंकला. ट्रॉफी उचलल्यावर पोराला कडेवर घेऊन हसत होता. त्याचं म्हणणं इतकंच की गोल्फ म्हणजे माझं सगळं आयुष्य नाही. रोरीने ऑगस्टासाठी अकरा वर्षं जीव टांगणीला लावला, आणि ते मिळाल्यावर त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच. पुढे कुठला डोंगर चढायचा हेच त्याला कळेना, हे त्याने स्वतःच कबूल केलं. मे-जूनमध्ये तो हरवल्यासारखा होता.

आणि क्वेल हॉलोचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) विसरलात का? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीजीए चॅम्पियनशिपच्या आठवड्यात काही खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले जातात. वापरून वापरून ड्रायव्हरचं तोंड पातळ होतं, चेंडू मर्यादेपेक्षा जास्त उसळायला लागतो, मग तो बाद. यात लबाडी काही नसते, गाडीचं टायर झिजावं तसलंच ते. रोरीचा बाद झाला आणि ती बातमी बाहेर फुटली. त्याने चारही दिवस पत्रकारांशी बोलणं टाकलं. ज्या कोर्सवर तो आधी चारदा जिंकलाय तिथे सत्तेचाळिसावा. शेफलरचाही ड्रायव्हर त्याच आठवड्यात बाद झाला होता! त्याने राखीव ड्रायव्हर काढला, पाचने जिंकला, आणि रविवारी विचारल्यावर सरळ सांगून टाकलं, हो, माझाही बाद झाला.

फेअरवेवाला

ताई, रोरीचा राग बातमी फुटण्यावर होता. फक्त त्याचंच नाव बाहेर आलं, बाकीच्यांचं नाही. ते चूकच होतं. त्याने तेव्हा तोंड उघडलं असतं तर दुसऱ्यांची नावं घ्यावी लागली असती. ती त्याने घेतली नाहीत, हेही लक्षात घ्या.

आकडेबहाद्दर

आणि त्याच रविवारी फेअरवेवालेंच्या लाडक्या थरारासाठी: शेफलरचे पहिले नऊ होल संपेपर्यंत जॉन रामने त्याला गाठलं होतं. डावीकडे फटके जात होते शेफलरचे, काही केल्या ड्रायव्हर सुधरेना. मग शेवटच्या नऊला त्याने खेळ सावरला, आणि रामने शेवटचे तीन होल बोगी, डबल, डबल असे संपवले. म्हणजे शेफलरचे विजय आयते मिळतात हे खोटं आहे. आकडा पाचचा दिसतो फक्त.

लोदीरोड_पाटील

सगळे दोघांवरच अडलेत म्हणून तिसरं नाव सुचवतो. टॉमी फ्लीटवुड.

कारण सांगतो. अमेरिकेतल्या टूरवर दीडशेच्या वर स्पर्धा खेळूनही त्याला एकही विजय नव्हता. यंदा जूनमध्ये ट्रॅव्हलर्सला शेवटच्या होलवर कीगन ब्रॅडलीने हिसकावून घेतली. ऑगस्टमध्ये मेम्फिसला तीन होल बाकी असताना पुढे होता, तिथेही गेली. दोन आठवड्यांनी ईस्ट लेकला टूर चॅम्पियनशिप, तीनने जिंकला, १ कोटी डॉलर. आणि गंमत अशी की तिथे गेल्या वर्षीपर्यंत अव्वल नंबरच्या खेळाडूला दहा अंडरवरून सुरुवात मिळायची आणि बाकीच्यांना क्रमाने कमी. तो नियम याच वर्षी काढला. तो असता तर शेफलर आरामात घेऊन गेला असता, कारण खेळलेल्या फटक्यांत तो फ्लीटवुडच्या फक्त चार मागे होता.

आता माझा खरा मुद्दा. ऑक्टोबरात दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, तिथे मी दोन दिवस होतो. रोरी, फ्लीटवुड, हॉवलंड, लॉरी, सगळे. हा कोर्स ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: लोदीकाळातल्या कबरी, मोर, आणि फेअरवेच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची भिंत. चेंडू त्यात गेला की शोधायला कॅडीही फारसा उत्सुक नसतो. रोरीने सरावानंतरच ड्रायव्हर बाजूला ठेवला. जगातला सगळ्यात देखणा ड्रायव्हर मारणारा माणूस आणि टी-वर (होलच्या सुरुवातीच्या जागी) उभा आयर्न घेऊन! माझ्या शेजारचे काका पार चिडले, "याच्यासाठी सकाळी सहाला आलो का?" पण कोर्सच तसा आहे, तिथे लांबी कामाची नाही. रोरी बरोबरीत सव्विसावा आला. फ्लीटवुड बावीस अंडर करून जिंकला, जपानचा नाकाजिमा दोनने मागे.

फ्लीटवुडच्या मुलाने आधी कधीतरी बापाकडे तक्रार केली होती की तू जिंकलास आणि मी पळत अठराव्या ग्रीनवर आलो असं कधी झालंच नाही. दिल्लीत झालं. पोरगं धावत आलं, आमच्या पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. पुरस्कार कुणाला द्यायचा तो द्या, पण यंदाचं वर्ष कोणाचं विचाराल तर मी त्या ग्रीनवर होतो.

टवाळ_टोळभैरव

पाटील, १ कोटी डॉलर म्हणजे रुपयांत किती ते लिहायचं राहिलं. लिहू नका, माझा पगार नुकताच झालाय.

कर्नल_निवृत्त

पाटीलसाहेब, दिल्लीचं वर्णन झकास. त्या कोर्सवर आमचे भले भले लांब मारणारे घायकुतीला आलेले पाहिलेत. अनिर्बान लाहिरीसारख्याला त्याची सवय, पण लाहिरीचं आता बहुतेक वेळ लिव्ह या वेगळ्या टूरवर जातं. त्याचा जन्म आपल्या पुण्यातला, वडील लष्करात डॉक्टर, हे इथे किती जणांना माहीत आहे? २०२२ च्या प्लेअर्सला तो एका फटक्याने दुसरा आला होता, तेव्हा रात्रभर जागलो होतो.

असो. मूळ वादाकडे. फेअरवेवाल्यांनी बेथपेज नुसतं एका ओळीत उडवलं, म्हणून लिहितो. मला वाटतं रोरीची सगळी केस तिथेच आहे, आणि गंमत म्हणजे शेफलरचीही.

पहिल्या दोन दिवसांत शेफलर चार सामने खेळला, चारही हरला. जगातला एक नंबरचा खेळाडू, चार शून्य. जोडीत खेळताना त्याचं काय बिनसलं देव जाणे. रोरी त्याच दोन दिवसांत साडेतीन गुण घेऊन बसला, आणि तेही कसल्या वातावरणात! प्रेक्षक प्रत्येक फटक्याआधी घाण शिव्या देत होते, बायकोला सोडलं नाही, तिच्यावर कोणीतरी पेलाही फेकला. पहिल्या टी-वरची सूत्रसंचालकच शिवीगाळीच्या घोषणेत सामील झाली, तिला पद सोडावं लागलं. रोरी एकदा थांबला, गर्दीकडे वळून गप्प बसा म्हणाला, आणि मग चेंडू पिनजवळ नेऊन टाकला. अंगावर काटा आला हो. गेल्या तेरा वर्षांत परक्या मैदानावर रायडर कप कोणी जिंकला नव्हता. २०१२ च्या मेडायनानंतर हाच.

पण रविवारी एकेरीत समोरासमोर आले दोघं. आणि शेफलरने रोरीला एकने हरवलं.

फेअरवेवाला

कर्नलसाहेब, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात तेच कळेना. रविवारपर्यंत रोरी दोन दिवस शिव्या खात ढोर मेहनत करून आला होता. पाय उचलत नव्हते त्याचे. कप मात्र युरोपने १५-१३ ने नेला.

कर्नल_निवृत्त

बाजू घ्यायलाच हवी का? बरं, घेतो. शेफलर. पण वर्षभराच्या पुरस्कारासाठी. एका आठवड्यासाठी माझी टीम निवडायची असेल तर रोरी, डोळे मिटून.

बेलफास्टकर

एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही. हा पुरस्कार पत्रकार किंवा प्रेक्षक देत नाहीत. टूरवर पंधरा किंवा जास्त स्पर्धा खेळलेले खेळाडूच मतं देतात. म्हणजे ज्यांना दर गुरुवारी या दोघांविरुद्ध उतरायचं असतं ते. त्यांना ऑगस्टाच्या पहाटेशी देणंघेणं नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की शेफलर आला की पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसावर पाणी सोडायचं आणि दुसऱ्यासाठी भांडायचं. हॅरिस इंग्लिशला विचारा. यंदा दोन मेजरमध्ये दुसरा आला बिचारा, दोन्ही वेळा शेफलरच्या मागे.

आणि रोरीची आयरिश ओपन, रेस टू दुबई या युरोपातल्या टूरच्या गोष्टी. अमेरिकन टूरच्या पुरस्कारात त्या धरायच्या तरी का? आयरिश ओपनला, के क्लबवर, त्याने बहात्तराव्या होलवर ईगल टाकून प्लेऑफ गाठला तेव्हा मीही घरात ओरडलो होतो. पण ते खातं वेगळं.

फेअरवेवाला

ओके, हा मुद्दा मानतो की अमेरिकन टूरने आपल्या टूरचा हिशेब केला. मग पुरस्कार शेफलरला, ठीक. माझ्या धाग्याचं शीर्षक मात्र सीझन कोणाचा हे आहे, आणि पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फचा सीझन डॅलसला (बायरन नेल्सन) सुरू होऊन नापाला (प्रोकोर) संपत नाही. पेबल बीच, ऑगस्टा, के क्लब, बेथपेज, दिल्ली, दुबई, शेवटी मेलबर्न. एवढ्या ठिकाणी जाऊन खेळला कोण? शेफलरने यंदा टूरच्या अधिकृत स्पर्धा अमेरिकेबाहेर किती खेळल्या? स्कॉटिश ओपन आणि ओपन, ते दोन आठवडे सोडून काय?

आकडेबहाद्दर

आता पासपोर्टवर किती शिक्के आहेत त्यावर गोल्फ मोजायचा का? मग पायलटला द्या पुरस्कार.

गंभीरपणे: ते दोन आठवडे म्हणता, त्यातल्या एकात तो आठवा आणि दुसऱ्यात ओपन विजेता. जेव्हा गेला तेव्हा घेऊन आला. शिवाय रोरी दिल्लीला आला ते चांगलंच, भारतात गोल्फ वाढेल. पण एवढ्या फिरण्याची किंमत त्याने ईस्ट लेकला मोजली, तीस जणांत तेविसावा.

मृण्मयी_के

ईस्ट लेक ऑगस्टमध्ये, दिल्ली ऑक्टोबरात. फिरण्याची किंमत आधी कशी मोजली त्याने? 😀

आकडेबहाद्दर

बरं, प्लेऑफमधली मेम्फिसची स्पर्धा त्याने वगळली होती, म्हणजे ऑगस्टमध्ये फारसा फिरलाच नव्हता. तरी तेविसावा. हे तर आणखी वाईट.

टवाळ_टोळभैरव

वाचून वाचून मलाच आता हातात काठी घ्यावीशी वाटायला लागली. डोंबिवलीहून जवळ, क्लबची मेंबरशिप न घेता, खिशाला परवडेल असं कुठे खेळता येतं का? टिंगल नाही, खरंच विचारतोय.

कर्नल_निवृत्त

खारघरला सिडकोचं आहे, मेंबर असायची अट नाही, फी भरा आणि खेळा. पण थेट कोर्सवर जाऊ नका, मागच्यांच्या शिव्या खाल. आधी ड्रायव्हिंग रेंजवर बादलीभर चेंडू घ्या, सात नंबरचा आयर्न मागा, आणि शिकवणारा कोणीतरी बरोबर ठेवा. ड्रायव्हरला हात लावू नका.

आणि शेफलरसारखे पाय घसरवू नका, पडाल.